सील शाबूत, तरी खोकी कमी: कंटेनरच्या सीलवर किती भरवसा ठेवायचा?

सोलापुरी_धागा

नमस्कार मंडळी. आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. माल बहुतेक युरोपला जातो. फॅक्टरी स्टफिंग असतं. कंटेनर आमच्या दारात लागतो, आम्हीच भरतो, आम्हीच सील लावतो आणि गाडी न्हावाशेव्याला निघते.

मागच्या एका शिपमेंटचा घोळ झालाय. गिऱ्हाइकाचा मेल आला की दाराजवळच्या रांगांतली ३८ खोकी कमी आहेत. सील शाबूत होतं. नंबरही तोच, शिपिंग बिलावर (कस्टम्सचा निर्यातीचा कागद) आणि बिल ऑफ लेडिंगवर (शिपिंग लाइनची मालाची पावती) आहे तो. ई-सील, म्हणजे चिप असलेलं सील, पोर्टच्या गेटवर नीट वाचलं गेलं. ट्रान्सपोर्टर म्हणतो, सील शाबूत तर माझा काय संबंध. शिपिंग लाइनही तेच म्हणते. गिऱ्हाईक सभ्य शब्दांत सुचवतंय की तुम्हीच कमी भरली असतील. पण भरताना आमचा सुपरवायझर आणि सीएचएचा, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटचा, माणूस दोघंही दाराशी उभे होते. टॅली शीटवर, म्हणजे खोकी मोजल्याच्या कागदावर, दोघांच्या सह्या आहेत.

तर प्रश्न दोन. सील न तोडता कंटेनर उघडता येतो का? आणि यापुढे कोणतं सील घ्यावं? इथला विक्रेता सांगतो की जरा महागातलं घ्या, ते कापताच येत नाही. जाणकारांनी सांगा की जरा.

रिकामटेकडा_पुणेकर

कापताच येत नाही असं सील लावलंत, तर पलीकडे टॉवेल बाहेर काढायला कोण जाणार, तो विक्रेता का?

बाकी जाणकार येतीलच. मी वाचतोय.

उरणकर

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: येतो. मी सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, बरीच वर्षं काढली, सर्व्हेअरच्या मागे टॉर्च धरून. 'सील ओके, माल शॉर्ट' हा शेरा आमच्याकडे कुणाला नवा नाही.

आधी दाराची रचना बघा. कंटेनरला मागे दोन दारं. प्रत्येक दाराला साधारणपणे दोन उभे दांडे, म्हणजे लॉकिंग बार. दांड्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला कॅम असतात, ते चौकटीवरच्या कीपरमध्ये अडकतात. दांडा फिरवायला आडवं हँडल. दार लावलं की हँडल एका कडीत बसतं आणि तिथल्या भोकातून तुमची सीलची पिन जाते. उजवं दार डाव्यावर चढून बसतं, त्यामुळे आधी उजवंच उघडावं लागतं. म्हणून सीलही उजव्या दाराला.

आता ते हँडल दांड्याला कशानं जोडलंय ते बघा. एका रिव्हेटनं. रिव्हेटचं डोकं उडवलं की हँडल सीलसकट कडीत तसंच लटकत राहतं आणि दांडा मोकळा होतो. काम उरकलं की नवा रिव्हेट किंवा बोल्ट, वरून रंगाचा हात. सीलला कुणी बोटही लावलेलं नसतं. म्हणून तुमचं ई-सील गेटवर गुण्यागोविंदानं वाचलं गेलं. त्याच्यापुरतं ते खरंच बोलत होतं!

काही जण बिजागरीची पिन काढतात, पण तो खटाटोप मोठा, सहसा हँडलच. आणि खोकी नेहमी दाराजवळचीच जातात, कारण आत शिरायला वेळ नसतो. तुमचंही वर्णन तेच सांगतंय.

गिऱ्हाइकाकडे दार उघडण्याआधीचे फोटो असतील तर मागवा. सीलचा क्लोजअप नको, अख्ख्या दाराचा हवा. चारही हँडलांचे रिव्हेट एकमेकांशी ताडून बघा.

सोलापुरी_धागा

बाप रे. हे डोक्यातच आलं नव्हतं. फोटो मागवतो. मग सगळं एवढं सोपं असेल तर सीलला कस्टम्स एवढं महत्त्व का देतं? आणि ते 'एच' छापलेलं सील म्हणजे नक्की काय?

ऋता_नाशिक

'एच'चं मी सांगते. आमचा द्राक्षांचा पॅकहाऊस आहे आणि ऑडिटला हे सगळं पाठ म्हणून दाखवावं लागतं.

कंटेनरच्या यांत्रिक सीलसाठी आयएसओ १७७१२ हे मानक आहे, सध्याची आवृत्ती २०१३ ची. त्यात तीन वर्ग: 'आय' म्हणजे नुसती खूण दाखवणारं, 'एस' म्हणजे मधलं आणि 'एच' म्हणजे हाय सिक्युरिटी. प्लॅस्टिकची पट्टी, पातळ पत्र्याचं सील ही 'आय'मध्ये येतात. आपण ज्याला बॉटल सील म्हणतो, ते पिन आणि टोपीचं, ते सहसा 'एच'. ओढून बघण्याच्या चाचणीत 'एच'ला १० किलोन्यूटन सोसावे लागतात, म्हणजे जवळपास एक टन वजन टांगल्यासारखं. 'एस'ला २.२७ पुरतात. याशिवाय कातर, वाकवणं आणि आघात यांच्या चाचण्या असतात. 'एच' सीलचा सर्वांत रुंद भाग किमान १८ मिलिमीटरचा लागतो, म्हणजे ते आलंय की नाही हे लांबूनही दिसावं.

घेताना तीन गोष्टी बघा. 'एच' हे अक्षर सीलवर छापलेलं की कोरलेलं. नंबर पिनवर आणि टोपीवर दोन्हीकडे तोच आहे का. आणि चाचणीचा अहवाल मान्यताप्राप्त स्वतंत्र प्रयोगशाळेचा आहे का, आणि तो याच मॉडेलचा आहे का. नुसतं 'एच' उमटवायला काय, कुणीही उमटवतं.

अमेरिकेला माल जात असेल तर १५ ऑक्टोबर २००८ पासून या मानकाचं सील सक्तीचं आहे. इतर देशांचे खरेदीदारही आता तेच मागतात.

पण विक्रेत्याचं 'कापताच येत नाही' हे सोडून द्या. लांब दांड्याचा बोल्ट कटर घेतला की 'एच' सीलही काही सेकंदांत तुटतं. ते तुटलं की पुन्हा जोडता येऊ नये आणि तुटल्याचं दिसावं, एवढंच त्याचं काम. आम्ही नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो की हे कुलूप नाही, याची किल्ली शोधत बसू नका.

रिकामटेकडा_पुणेकर

रॉजर जॉन्स्टन नावाचे एक गृहस्थ आहेत. आधी लॉस अलामॉस आणि नंतर आर्गोन या अमेरिकी प्रयोगशाळांत त्यांच्या गटाचं कामच हे होतं, सीलं फसवून बघायची. दोनशेहून जास्त प्रकारची सीलं त्यांनी तपासली. साध्या प्लॅस्टिकपासून इलेक्ट्रॉनिकपर्यंत सगळी फसवता आली, बहुतेक अगदी साध्या हत्यारांनी. महागडी सीलं स्वस्तांपेक्षा फार चांगली ठरली असंही नाही.

त्यांचा रोख सील बनवणाऱ्यांपेक्षा वापरणाऱ्यांवर जास्त आहे. तपासणाऱ्याला काय शोधायचं हे माहीत असेल तर साधं सीलही उपयोगी पडतं. माहीत नसेल तर पाचपट किमतीचं सीलसुद्धा शोभेचं.

जुना_मालबाबू

आम्ही रेल्वेतले. गुड्स शेडमध्ये आयुष्य गेलं. आमच्या वेळी वॅगनला शिशाचं सील असायचं. तार कडीतून ओवायची, दोन्ही टोकं शिशाच्या गोळीतून घ्यायची आणि सीलिंगच्या पकडीनं दाबायची. पकडीच्या जबड्यात स्टेशनचा कोड कोरलेला, तो शिशावर उमटायचा. पकड रात्री कुलपात. ज्याच्या हातात पकड, त्याच्या हातात अख्खी वॅगन, असं आमचे वरिष्ठ म्हणायचे आणि ते खरंच होतं.

फसवणूक तेव्हाही होती. कच्चं दाबलेलं शिसं खिळ्यानं सैल करून तार ओढून घ्यायची आणि मग पुन्हा ठोकायचं. म्हणून उतरवणाऱ्या स्टेशनवर सील नुसतं बघायचं नाही, ओढून बघायचं आणि शिक्का वाचायचा हा नियम. निम्मी माणसं शिक्का न वाचताच रजिस्टरात 'सील बरोबर' लिहायची. आता चिप आली म्हणून माणूस बदलला असेल असं मला वाटत नाही.

सोलापूरकर, तुम्हाला शिपिंग लाइन जे उत्तर देतेय ना, ते आमच्या कायद्यातही आहे. रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम ६५. पावतीवरचं वजन आणि नग हा पुरावा खरा, पण पूर्ण वॅगनचा माल असेल आणि रेल्वेच्या माणसानं नग मोजल्याची नोंद पावतीवर नसेल, तर किती भरला हे सिद्ध करायचं ओझं माल पाठवणाऱ्यावर किंवा घेणाऱ्यावर. कित्येक व्यापारी हे कलम ऐकून आमच्या टेबलासमोर मटकन बसलेले मी पाहिलेत.

विमावाली

मालबाबू काकांनी नेमकं बोट ठेवलं. समुद्रमार्गाच्या बिल ऑफ लेडिंगवरही 'आत अमुक असल्याचं सांगितलं आहे' आणि 'भरणं, रचणं, मोजणं पाठवणाऱ्याचं' अशा अर्थाचे शेरे असतात. म्हणजे लाइननं एक बंद पेटी उचलली आणि त्याच सीलची बंद पेटी पोचवली. सील जुळलं की लाइन मोकळी, असं ते धरून चालतात. पण दारात छेडछाड झाल्याचा पुरावा मिळाला तर ही भिंत बऱ्यापैकी हलते. त्यामुळे उरणकरांनी मागितलेला फोटो ही तुमची सगळ्यांत मोठी गोष्ट आहे.

मुदती सांभाळा. वरून न दिसणाऱ्या नुकसानीबद्दल समुद्र वाहतूकदाराला डिलिव्हरीपासून तीन दिवसांत लेखी कळवायचं असतं आणि दावा एक वर्षात लावायचा असतो. तीन दिवस हुकले म्हणून दावा मरत नाही, पण पुराव्याचं ओझं वाढतं. रस्त्याच्या टप्प्यासाठी रस्ता वाहतूक कायदा २००७ चं कलम १६ आहे. माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर कोर्टात उभंच राहता येत नाही. कुठल्या टप्प्यावर माल गेला हे कळेपर्यंत थांबू नका, दोघांनाही पत्रं काढा. नोटीस म्हणजे आरोप नव्हे.

आणि पॉलिसी गोडाऊनपासून गोडाऊनपर्यंतची आहे ना, ते बघा. कित्येकांची फक्त बंदर ते बंदर असते.

गाडीमालक_बीड

मंडळी, आमचंही ऐका. माझ्या स्वतःच्या गाड्या आहेत, आधी मी स्वतः चालवायचो.

खोकी कमी पडली की पहिलं नाव ड्रायव्हरचं. कंटेनर भरताना ड्रायव्हरला कुणी आत बघू देत नाही. गेटबाहेर थांब म्हणतात. मग दार लावून सील मारतात, एलआर (ट्रान्सपोर्टची मालाची पावती) हातात देतात आणि 'सही कर'. काय भरलं, किती भरलं, त्याला ठाऊक नाही. सीलचा नंबर एलआरवर लिहिलेला असतो तो कुणी वाचून दाखवत नाही. आणि पुढे कुठे खोकी गेली की पोलीस चौकीत बसायचं त्यानंच.

मी माझ्या पोरांना सांगून ठेवलंय की गेट सोडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढायचा. सील, कंटेनर नंबर आणि अख्खं दार एकाच फोटोत. घाट उतरलो की एक, पार्किंग प्लाझात एक. ढाब्यावर लावायची वेळ आलीच तर मागचं दार भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीच्या नाकाला चिकटवून लावायचं, दार उघडायला जागाच ठेवायची नाही. यात कसलीच टेक्नॉलॉजी नाही.

आणखी एक. कंटेनर यार्डातून रिकामा उचलतो तेव्हाच हँडल तपासलं पाहिजे. आधीच्या कुणाचा 'प्रयोग' त्या कंटेनरवर झालेला असतो आणि तोच आपल्या गळ्यात येतो. जुना बोल्ट दिसला तर मी रिकामा घ्यायलाच नकार देतो, निदान यार्डच्या पावतीवर तसं लिहून घेतो.

सोलापूरकर शेठ, गाडीवाल्याचं भाडं अडवलंय का?

सोलापुरी_धागा

निम्मं अडवलंय, खोटं कशाला बोलू. बाकीचं सोडलंय.

टेक_भाऊ

२०२०च्या दशकात आपण रिव्हेटवर चर्चा करतोय? जीपीएसवालं इलेक्ट्रॉनिक कुलूप लावा, दार उघडलं की मोबाइलवर अलार्म. विषय संपला.

उरणकर

भाऊ, विषय संपत नाही. आधी ई-सील काय आहे ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना ते जीपीएस वाटतं.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला, आणि कारखान्यात एक्साइजच्या अधिकाऱ्यासमोर कंटेनर भरून सील करायची जुनी पद्धत गेली. निर्यातदारानं स्वतः सील करायचं असं ठरलं आणि त्याच वर्षी आरएफआयडी ई-सील आलं. त्याचं अंग 'एच' वर्गाच्या बोल्ट सीलचं, पोटात चिप. चिपला बॅटरी नाही. रीडर जवळ आणला की तेवढ्यापुरती ती जागी होते. सील लावल्यावर नंबर, आयईसी (निर्यातदाराचा कोड), शिपिंग बिल, कंटेनर आणि गाडीचा नंबर, सील केल्याची तारीख-वेळ हे सगळं पोर्टलवर भरायचं. पोर्टला रीडरनं वाचलं की कस्टम्सला कळतं की सोलापूरला लागलेलं सील शाबूत आलंय. पण सोलापूर ते न्हावाशेवा वाटेत ते मुकं असतं. बोटीवर, परदेशात तर कुणी वाचतच नाही.

तुम्ही म्हणता ती जीपीएसची कुलपं आहेत. कोलकाता, हल्दिया, विशाखापट्टणमहून नेपाळला जाणाऱ्या ट्रान्झिट मालाला २०१९ पासून तीच लावतात. तिथं ती जमतात, कारण वाट ठरलेली असते आणि सीमेवर कुलूप काढून परत वापरता येतं. टॉवेलच्या कंटेनरबरोबर ते युरोपात गेलं तर परत कोण पाठवणार? शिवाय दारातून आलेला उजेड ओळखणारा सेन्सर नसेल, नुसतं कुलूपच कडीत असेल, तर रिव्हेटचा प्रश्न तिथंही तसाच राहतो.

टेक_भाऊ

ठीक. उजेडाच्या सेन्सरचं लक्षात नव्हतं. स्वस्तात डेटा लॉगर मिळतात, ते आत टाकता येतील. पण ते चोरी थांबवणार नाहीत, फक्त कधी झाली ते सांगतील.

विमावाली

'कधी झाली' यावरच आमचे निम्मे दावे अडलेले असतात. टाका.

जेबेल_अली

मी दुबईत गोदामात माल उतरवून घेणाऱ्या बाजूला आहे, त्यामुळे तिकडचं सांगतो. धाग्यात सगळे लावणाऱ्याबद्दल बोलतायत, पण सीलची खरी परीक्षा उघडणाऱ्याकडे होते आणि तो बहुतेक वेळा घाईत असतो. फोर्कलिफ्ट उभी असते, पुढच्या गाडीचा हॉर्न वाजत असतो. एक जण नंबर वाचतो, दुसरा कटर चालवतो, तुकडे कचऱ्यात.

आमच्याकडे अमेरिकी कस्टम्सच्या सी-टीपॅट योजनेतली पद्धत वापरतात. बघा, नंबर ताडा, ओढा, पिळा. ओढायचं अशासाठी की नुसती खोचलेली पिन हातात येते. पिळायचं अशासाठी की काही बहाद्दर पिन कापून तिला आटे पाडतात आणि स्क्रूसारखी परत बसवतात. वरून बघून ते कळत नाही, फिरवलं की कळतं. मग दाराचं हार्डवेअर: चारही हँडलांचे रिव्हेट, बिजागऱ्या, कडी. ताजा रंग, चकचकीत डोकं, तीन गोल आणि एक षटकोनी असं काही दिसलं की दार उघडायचंच नाही, आधी फोटो आणि फोन. रिकामा कंटेनर भरण्याआधीही सात बाजू बघायच्या असतात: समोरची भिंत, डावी, उजवी, जमीन, छत, दारं आतून-बाहेरून आणि खालचा सांगाडा.

कापलेल्या सीलचे दोन्ही तुकडे पिशवीत घालून तारीख टाकून ठेवायचे. बनावट नंबराचा संशय आला तर फोटोवरून काही सिद्ध होत नाही, तुकडा लागतो.

एक भर: नव्या कंटेनरांपैकी बऱ्याच जणांच्या उजव्या दारावर कॅम-कीपरपाशीच सीलसाठी वेगळं भोक असतं, सिक्युअर कॅम म्हणतात. तिथं सील लावलं की हँडलचा रिव्हेट उडवूनही काही होत नाही, कारण दांडाच खाली अडकलेला असतो. भोक असूनही लोक सवयीनं वर हँडललाच लावतात.

सोलापुरी_धागा

हे सोन्यासारखं सांगितलंत. आमच्या इथे एकालाही त्या खालच्या भोकाचा उपयोग माहीत नव्हता. सुपरवायझर म्हणाला, ते पाणी जायला असेल!

रिकामटेकडा_पुणेकर

थोडं अवांतर, संपादकांनी माफ करावं. लोथलच्या गोदामाच्या उत्खननात मातीची मुद्रांकनं सापडली, साठेक. पुढच्या बाजूला हडप्पाकालीन मुद्रेचा ठसा, मागच्या बाजूला कापडाच्या विणीचे आणि दोरीचे ठसे. म्हणजे गाठोडं बांधायचं, गाठीवर ओली माती थापायची आणि त्यावर शिक्का. हा धंदा चार हजार वर्षं जुना आहे, आणि कुणीतरी तेव्हाही गाठ न सोडता गाठोडं बाजूनं उसवत असणार याबद्दल मला शंका नाही.

ऋता_नाशिक

अवांतरात माझीही भर. मतदान यंत्राला लावतात ते गुलाबी कागदी सील आमच्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेलं असतं. त्यावर नंबर असतो, शिवाय राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतात. म्हणजे एकमेकांवर भरवसा नसलेल्या माणसांनाच साक्षीला उभं करायचं. सोलापूरकर, टॅली शीटवर तुमच्या सुपरवायझरबरोबर गाडीच्या ड्रायव्हरचीही सही घ्या. त्याला आत बघू द्या. बीडच्या दादांचं म्हणणं मला पटलं.

गाडीमालक_बीड

धन्यवाद ताई. आजवर एकानंही आत बोलावलेलं नाही.

सोलापुरी_धागा

मंडळी, अपडेट.

गिऱ्हाइकाच्या गोदामातून फोटो आले. नशिबानं त्यांचा माणूस शिस्तीचा निघाला, दार उघडण्याआधी लांबून एक आणि जवळून दोन फोटो काढलेत. उजव्या दाराच्या आतल्या हँडलला, म्हणजे ज्याला सील आहे त्यालाच, षटकोनी डोक्याचा बोल्ट आहे. बाकी तिन्ही हँडलांना जुने, रंगाखाली दबलेले गोल रिव्हेट. बोल्टच्या भोवती रंग आहे, पण छटा वेगळी. आमच्याकडे भरतानाचा फोटो सुपरवायझरच्या मोबाइलवर मिळाला. त्यात चारही गोल दिसतात. फोटो थोडा हलला आहे, पण दिसतात.

दुसरी गोष्ट वजनाची. सीएचएनं टर्मिनलच्या काट्याची नोंद मिळवली. ३८ खोकी म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपास. आम्ही दिलेलं व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन) आणि टर्मिनलचं वजन यात फरक ४० किलोचा. म्हणजे पोर्टच्या आत जाईपर्यंत माल पुरा होता असं दिसतंय. पुढे कुठे, मधल्या बंदरात की तिकडच्या रस्त्यावर, ते कळायला मार्ग नाही.

ट्रान्सपोर्टरचं उरलेलं भाडं काल सोडलं.

उरणकर

चाळीस किलो काट्याच्या फरकात सहज बसतात. टर्मिनलचा काटा अख्खी गाडी तोलून गाडीचं वजन वजा करतो, त्यात डिझेल आलं, ड्रायव्हरची पथारी आली. साडेचारशे किलो मात्र लपत नाहीत. २०१६ च्या जुलैत व्हीजीएम सक्तीचं झालं तेव्हा सगळ्यांनी कटकट म्हणून कपाळाला हात लावला होता. बोट कलंडू नये म्हणून केलेला नियम, इथं ड्रायव्हरच्या कामाला आला.

विमावाली

सोलापूरकर, आता लाइनच्या 'सील ओके'ला तुमच्याकडे उत्तर आहे. हलला असला तरी मूळ फोटो मोबाइलवरून डिलीट करू देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत वेगळी, मूळ फाइलमध्ये तारीख-वेळ असते. सर्व्हेअर तीच मागेल.

सोलापुरी_धागा

मोबाइलच जप्त केलाय, दुसरा घेऊन दिला त्याला.

आता पुढचं. गुरुवारी परत एक कंटेनर लागतोय. सिक्युअर कॅमचं भोक असेल तर सील तिथं. नसेल तर काय? कुणीतरी दोन्ही दारांच्या मधल्या दांड्यांना केबल सील लावायला सांगितलं. त्याचा उपयोग होतो का, की नुसती आणखी एक वस्तू?

उरणकर

होतो. मधले दोन दांडे, म्हणजे डाव्या दाराचा उजवा आणि उजव्या दाराचा डावा, एकत्र बांधले की हँडल सुटलं तरी उजवं दार डाव्याला धरून राहतं. केबल आयएसओ १७७१२ चीच घ्या. कापली की तिच्या तारा फुलतात आणि परत लपवता येत नाहीत. लोखंडी आडवा बार पण मिळतो, दोन्ही दांड्यांना पकडणारा. तो जास्त भक्कम, पण महाग, आणि तिकडे कापायला त्रास होतो म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं.

केबल दांड्यांभोवती घट्ट ओढा, ढील ठेवलीत तर दार चार बोटं उघडतं आणि हात आत जातो. आणि तिचा नंबर पॅकिंग लिस्टवर टाका, सीएचएला सांगा. कस्टम्सनं तपासणीला उघडलं तर ते कापतील आणि आपलं सील लावतील, तेव्हा जुने-नवे दोन्ही नंबर नोंदवून घ्यायला सीएचए तिथं हवा. नाहीतर पलीकडे केबल नाही म्हणून नवाच गोंधळ.

जेबेल_अली

गिऱ्हाइकालाही आधी मेल करा की दोन सीलं आहेत. आमच्याकडे एकदा एकाच नंबराची नोंद होती आणि दारावर दोन सीलं, तर गेटवाल्यानं दिवसभर गाडी बाहेर ठेवली.

सोलापुरी_धागा

करतो. विमावाली ताई, एक शेवटचं. गिऱ्हाइकानं सीलचे तुकडे ठेवलेत म्हणतो, पण कंटेनर या आठवड्यात लाइनला रिकामा परत करणार आहे. तो बोल्ट त्याच्यासोबतच जाईल. फोटोवर भागेल ना?

विमावाली

भागेलही, पण सोडू नका. आजच लिहा. कंटेनर परत करायच्या आधी तिथल्या सर्व्हेअरकडून दाराची पाहणी करून घ्या, लाइनलाही हजर राहायचं लेखी आमंत्रण द्या. ते आले नाहीत तरी चालेल, बोलावलं होतं हे कागदावर पाहिजे. बोल्टचा क्लोजअप मोजपट्टी शेजारी धरून, आणि कंटेनर नंबर त्याच चौकटीत. परत करताना मिळणाऱ्या पावतीवर 'हँडलचा बोल्ट बदललेला' असा शेरा लिहून घेता आला तर बघा. विमा कंपनीनं तिकडचा सर्व्हेअर नेमला नसेल तर त्यांच्या क्लेम विभागाला आता फोन करा, त्यांच्या उत्तराची वाट बघत मेलवर बसू नका. डेटेन्शनचे (कंटेनर उशिरा परत केल्याच्या आकाराचे) दोन दिवस जास्त लागले तर त्याचं बिल जपून ठेवा.